मधल्या खटक्यावर

सिंदेवाहीत माझं मोटार वाइंडिंगचं दुकान.
पंप जळाला की लोक येतात,
गिटारीसाठी मीच जातो.
आजवर सात. सगळ्या पोकळ पोटाच्या, विजेच्या,
झाडीपट्टीच्या नाटकांत वाजून थकलेल्या.
बायको म्हणते, आठवीला घरात जागा नाही.

आठवी नवरगावच्या पुढे होती,
सायत्राबाई गहाण्यांच्या माळ्यावर.
उतरवली, हलवली, तर खळखळली.
मला वाटलं आतली पट्टी सुटली.
"लाखोरी हाय बाप्पा," त्या म्हणाल्या,
"त्या भोकातून उंदीर जात नाही."
बियाणं ठेवायला वीस वर्षांत
याहून चांगलं भांडं त्यांना मिळालं नव्हतं.

ओळख पटवायची तर घाई करू नये.
आधी भोकाची कड बघावी:
प्लाय असेल तर थर दिसतात,
अख्ख्या लाकडाची रेघ बाहेरून आत सरळ जाते.
मग दातांच्या डॉक्टरचा आरसा आत सरकवावा,
टॉर्च मारावी, कागद शोधावा.
कागद होता. कसरीने खाल्लेला.
नंबराचे पुढचे दोन आकडे किड्याच्या पोटात,
कारखान्याच्या नावातलं फक्त 'अँड सन्स'.
कुणाचे सन्स, कोण जाणे.
बटणं जुन्या रेडिओची,
खुंट्या तीन एका जातीच्या, तीन दुसऱ्या,
घोडीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा.
नागपूरचा एक शौकीन फोनवर म्हणाला,
असल्या खिचडीला पैसे देऊ नका.

ओट्यावरच दोन्ही पिकअप उघडले.
मानेजवळचा कारखान्यातला, तार एकसारखी,
मशीनने झोपवलेली.
घोडीजवळचा उघडला
आणि हात थांबला.
तार उलटी फिरलेली.
शेवटाला मेणाचा दोरा, दोन फास, तिसरा मोकळा.
आमच्या धंद्यात असा शेवट एकच माणूस करायचा,
डावखुरा वामन जेंगठे,
ज्याने मला कानाखाली वाजवून वेढे मोजायला शिकवले.
गिटार त्याने जन्मात हातात धरली नव्हती.
कंपनीचा कुणी मालक आला असेल वडशाला,
पंप आणि पंख्यांच्या मधे
हा मुका तुकडा टाकला असेल टेबलावर:
रात्री प्रयोग आहे, याला बोलता कर.
त्याने केला. त्याच्या हाताने, त्याच्या बाजूने.

नव्या तारा चढवल्या, ॲम्प मी सोबतच नेतो.
खटका खाली, ठीक.
खटका वर, ठीक.
खटका मधे, दोन्ही एकदम,
तर दोघं एकमेकांना खाऊन टाकतात
आणि उरतो बारीक, नाकातला,
लांबून आल्यासारखा आवाज.

चूल फुंकता फुंकता सायत्राबाई वळल्या.
"हे तं भुताचं होय."
मंडईच्या रात्री, दुसऱ्या अंकात,
मेलेली सवत विहिरीतून वर यायची,
तेव्हा घरचा माणूस, झिबल, हेच वाजवायचा,
अन् पोरं मायच्या लुगड्यात तोंड खुपसायची.
बाकीच्या कंपन्यांनी तसा आवाज काढून पाहिला,
नाही निघाला.
निघणार कसा?
ती चूक एकाच हाताची होती.

पैसे त्यांनी मागितले नाहीत.
म्हणाल्या, बियाले झाकणाचं काही आणून दे.
दुसऱ्या दिवशी स्टीलचा डबा नेला, वर आठ हजार.
आठ हजार दोनदा मोजले,
डबा बोटाने वाजवून पाहिला.
"यात ओल धरन," म्हणाल्या.

रजिस्टरात आठवा नंबर.
कारखाना: माहीत नाही. साल: माहीत नाही.
घोडीजवळचा पिकअप: मूळ नाही.
हे लिहिलं, मग खोडलं,
बाजूला लिहिलं: वडसा, वा. जें.

आत कुठेतरी पट्टीला चिकटून
लाखोरीचा एक दाणा राहिलाय.
जाड तार सुरात आली की वाजतो.
दुरुस्तीच्या यादीत मी तो घेतलेला नाही.